अंगावर काढलेला शीण

थकव्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. दमणूक, शीण, शिणवटा, अशक्तपणा, उबग, वीट असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, अशक्तपणा सकस अन्नाने भरून निघतो. उबग मात्र झोपेने जात नाही आणि अन्नानेही जात नाही. याखेरीज आपल्या भाषेत आणखी एक वाक्प्रचार आहे, तो म्हणजे 'दुखणे अंगावर काढणे'. गुजराती शेजारणीला त्याचा अर्थ समजावून सांगताना मला नेहमी दोन-तीन वाक्ये खर्ची घालावी लागतात. मराठी स्त्रीला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही, कारण बहुधा ती तेच करीत असते.

या स्मरणिकेचे बहुसंख्य वाचक वैद्यकीय व्यवसायातील असल्याने 'बर्नआउट' या शब्दाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. तरी त्याचा इतिहास थोडक्यात आठवणे उपयोगाचे ठरेल. 1974 मध्ये न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था वर्णन करताना हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिचे मोजमाप करण्याची पद्धत तयार केली. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटला स्थान दिले, परंतु रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी एक अवस्था म्हणून. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची तीन लक्षणे. त्याचबरोबर ही संज्ञा केवळ नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरावी, आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना लावू नये, असेही तेथे स्पष्ट केलेले आहे.

या एका अटीपाशी माझे मन नेहमी अडते. वर्गीकरण करणाऱ्यांना काटेकोर सीमा आखाव्याच लागतात, हे मान्य. पण माझ्या दवाखान्यात जी स्त्री येते, तिचे कामाचे ठिकाण म्हणजे तिचे घरच असते. तिला हजेरीपट नाही, साप्ताहिक सुट्टी नाही आणि निवृत्तीचे वय तर नाहीच. 2019 च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत स्त्रीच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली हे खरे, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे काढून घेतली! मुलांचे व वृद्धांचे संगोपन या हिशेबात धरलेले नाही. त्याची मोजणी वेगळी आहे.

मी मकरपुऱ्यात गेली अनेक वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना मकरपुरा म्हटले की राजवाडा आठवतो. 1870 च्या सुमारास खंडेराव महाराजांनी शहराबाहेर निवांत जागी हा महाल उभारला, सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत त्याचा विस्तार झाला आणि आता तो भारतीय वायुदलाच्या प्रशिक्षण केंद्राकडे आहे. येथील रहिवाशाला मात्र मकरपुरा म्हटले की औद्योगिक वसाहत आठवते. ज्या गावी राजघराणे विसाव्यासाठी येत असे, त्या गावाचे घड्याळ आज कारखान्यांच्या पाळ्यांवर चालते.

या पाळ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यांचा परिणाम कामगारांवर होतो हे आपण जाणतो, पण तो त्यांच्या पत्नीवरही होतो याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पहिली पाळी असली की नवऱ्याचा डबा पहाटे पाचला तयार लागतो, म्हणजे ती चारला उठते. दुसऱ्या पाळीत तो रात्री उशिरा परततो. तेव्हा जेवण गरम करून वाढायचे, मागचे आवरायचे आणि साडेबाराला पाठ टेकायची. मुलांची शाळा मात्र सकाळचीच असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपतो. मग दोन खोल्यांच्या घरात मुलांना गप्प ठेवणे, कुकरची शिट्टी वाजू न देणे, दारावर आलेल्या माणसाला खुणेनेच परत पाठवणे हेही तिचे काम होऊन बसते. कामगाराची पाळी आठवड्याला बदलते. तिला मात्र तिन्ही पाळ्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. (मराठीत 'पाळी' हा शब्द आणखी एका अर्थाने रूढ आहे. त्याचाही हिशेब तिलाच ठेवावा लागतो, हा योगायोग मला कधी विनोदी वाटलेला नाही.)

अशाच एका घरातील पस्तिशीची गृहिणी काही काळापूर्वी माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून लिहिते. माहेर खानदेशातले, वडोदऱ्यात येऊन बारा वर्षे झालेली. तक्रार एका शब्दाची, "विकनेस". खोदून विचारल्यावर म्हणाली, "डॉक्टर, काम होतं सगळं. पण करताना मी तिथे नसतेच. पोळी लाटते, मुलाला ओरडते, हसतेसुद्धा. आत काहीच हलत नाही. आणि हल्ली कोणी 'आई' म्हणून हाक मारली ना, की अंगावर काटा येतो." आपल्या मुलाच्या हाकेने अंगावर काटा येतो हे सांगताना तिचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. वर्गीकरणातील तीनही लक्षणे तिच्या त्या चार वाक्यांत होती. नियमाप्रमाणे ती संज्ञा तिला लागू होत नव्हती, एवढेच.

अशा स्त्रीचे रक्त तपासले पाहिजे, याविषयी दुमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत गुजरातमधील 15 ते 49 वयोगटातील 65 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाची सरासरी 57 टक्के होती. थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्व, रक्तशर्करा, पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, चाळिशीनंतर घोरणे व झोपेतील श्वासरोध हे सारे पाहिल्याविना कोणत्याही स्त्रीला "तुम्हांला ताण आहे" असे सांगून परत पाठवणे हा वैद्यकीय आळस आहे. मात्र हिमोग्लोबिन नऊवरून बारावर गेले आणि तरीही ती "काही फरक नाही" म्हणाली, तर तिच्यावर अविश्वास दाखवणे हाही तितकाच आळस ठरेल.

या संदर्भात गोव्यात झालेल्या एका अभ्यासाकडे मी सर्व सहकाऱ्यांचे लक्ष वेधू इच्छिते. डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या सहकाऱ्यांनी तेथील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. 2005 मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला थकवा सुमारे 12 टक्के स्त्रियांत आढळला. त्याचा संबंध कशाशी आहे हे तपासताना संशोधकांनी हिमोग्लोबिनही मोजले होते. थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही. तो आढळला कर्जाशी, भुकेशी, पतीकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी, निर्णयस्वातंत्र्याच्या अभावाशी, कुटुंबाचा आधार नसण्याशी आणि मनाच्या आजारांशी. रक्तक्षयावर उपचार करू नयेत असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पण "विकनेस" हा शब्द ऐकताच आपला हात ज्या वेगाने लोहाच्या गोळ्यांच्या नावाकडे वळतो, तो वेग या अभ्यासाने थोडा मंदावायला हवा.

आता उपचारांकडे वळू. अलीकडे 'सौम्य', 'समग्र', 'होलिस्टिक' या शब्दांचा मोठा बाजार झाला आहे. रम्य स्थळी सात दिवसांचा निवास, तेलाभ्यंग, योगनिद्रा, सात्त्विक आहार आणि मौन यांच्या आकर्षक पत्रिका माझ्या टेबलावरही येऊन पडतात. त्यांतील प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी हितकर आहे. कोमट तिळतेलाचा अभ्यंग, संथ लयीतला अनुलोम-विलोम आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटे योगनिद्रा यांचा गुण मी माझ्या रुग्णांत पाहिला आहे, विशेषतः झोपेच्या बाबतीत. अश्वगंधेसारखी औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. थायरॉइडची औषधे चालू असणाऱ्या किंवा यकृताचा विकार असणाऱ्या स्त्रियांनी तर विचारल्यावाचून घेऊच नयेत. आयुर्वेदातील जाणते सहकारीही हेच सांगतात. माझा आक्षेप या उपायांवर नाहीच. त्यांना लागणारा वेळ कोठून यायचा, याचा उल्लेख कोणत्याही पत्रिकेत नसतो, हे मला खटकते. सात दिवस विसावा घेऊन ती घरी परतते तेव्हा सात दिवसांचे धुणे तिची वाट पाहत असते.

विश्रांतीचा प्रश्न वैद्यकशास्त्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी थकलेल्या, खचलेल्या स्त्रियांसाठी 'विश्रांती-उपचार' रूढ केला. आठवडेच्या आठवडे अंथरूण, माणसांपासून दुरावा, भरपूर दूध, अंगमर्दन आणि वाचन-लेखनाला बंदी असे त्याचे स्वरूप होते. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी 1883 ते 1886 या काळात ज्या शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या, ते हेच शहर. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी 1887 मध्ये हा उपचार घेतला. त्याने त्या अधिकच खालावल्या, आणि त्या अनुभवातून 1892 मध्ये त्यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रसिद्ध झाली. स्त्रीला काम करू द्यायचे नाही आणि निर्णयही करू द्यायचा नाही, अशी ती विश्रांती होती. काम काढून घेतले पण अधिकारही काढून घेतला, तर तो उपचार राहत नाही. ती कैद होते.

योगायोग असा, की त्याच 1887 साली आपल्या वडोदऱ्यातही एका थकलेल्या व्यक्तीला विश्रांती सांगितली गेली. सयाजीराव महाराज तेव्हा ऐन पंचविशीत होते. राज्यकारभाराच्या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली होती आणि निद्रानाश जडला होता. वैद्यांच्या सल्ल्याने ते त्या वर्षी प्रथम युरोपला गेले, आणि पुढेही प्रकृतीच्या कारणाने अनेकदा गेले. त्या प्रवासांतून त्यांनी वडोदऱ्यासाठी काय काय आणले, हे येथील वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. माझे लक्ष वेधून घेते ती एक साधी गोष्ट. महाराज विश्रांतीस गेले तेव्हा दिवाण होते, अधिकारी होते. कोणते काम कोणी पाहायचे हे ठरलेले होते. म्हणून ती विश्रांती खरी विश्रांती होऊ शकली. एवढ्या मोठ्या संस्थानाची जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवता आली, आणि दोन खोल्यांच्या संसाराची सोपवता येत नाही, याचे कारण गृहिणीला दिवाण नसतो हे आहे.

म्हणून माझ्या केसपेपरवर मी एक रकाना वाढवला आहे. 'विश्रांती' असे लिहिले की त्याच्यापुढे मी लिहिते : कोणत्या वेळी, आणि त्या वेळी तिचे काम कोण करणार. नाव लिहिते, 'घरचे' असे लिहीत नाही. शक्य असेल तर ज्याचे नाव आहे त्याला पुढच्या भेटीस बोलावते. पुरुष आले की बहुधा अवघडून बसतात. त्यांना दोष दिला तर ते पुन्हा येत नाहीत. औषधासारखे समजावले तर मात्र पुष्कळसे ऐकतात. "मधुमेहाची गोळी जशी चुकवायची नाही, तशी मंगळवारची पहाट चुकवायची नाही," असे सांगितले की त्यांना ते कळते. सासूबाई आल्या तर काम अधिक सोपे होते, हा माझा अनुभव अनेकांना आश्चर्याचा वाटेल. ज्यांनी स्वतः आयुष्यभर अंगावर काढले आहे त्यांच्यापैकी काही जणी "आम्ही नाही का केलं?" असे विचारतात, हे खरे, पण त्यांतल्याच एखादीच्या डोळ्यांत त्याच क्षणी पाणी उभे राहिलेलेही मी पाहिले आहे.

दुसरा उपाय आहे बोलण्याचा. 'संगाथ'नेच पुढे गोव्यात दाखवून दिले आहे की, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास याप्रमाणे सहा ते आठ बैठका घेतल्या, तर तीव्र नैराश्याच्या रुग्णांतही चांगली सुधारणा होते. त्यात मोठी तत्त्वचर्चा नसते. जे करणे सुटून गेले आहे, त्यांतले एखादे लहानसे, आनंद देणारे काम पुन्हा वेळापत्रकात बसवायचे, ते झाले की नाही हे पुढच्या आठवड्यात पाहायचे आणि अडथळा आला असल्यास तो मिळून सोडवायचा, असे त्याचे साधे स्वरूप आहे. झिंबाब्वेत तर आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसवले गेले. 'मैत्रीचा बाक' या नावाने ओळखला जाणारा तो प्रयोग यशस्वी झाल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या वसाहतींच्या बाकांवर आज्या आधीपासूनच बसलेल्या आहेत. आपली भजनी मंडळे, भिशीचे गट, हळदीकुंकू हे या दृष्टीने पाहिले तर मोलाचे आहेत. अट एवढीच की तेथे जाणे हे आणखी एक कर्तव्य होऊ नये. दिवाळीचा फराळ आणि पाहुणे आटोपल्यानंतरच्या आठवड्यात माझा दवाखाना ज्या स्त्रियांनी भरतो, त्यांना आणखी एखाद्या 'कार्यक्रमा'ची गरज नसते.

बर्नआउट आणि नैराश्य यांची सीमारेषा धूसर आहे, आणि येथे सौम्यपणाला मर्यादा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार 2021 मध्ये देशात 45,026 स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 23,178 गृहिणी होत्या. हा आकडा वाचल्यानंतर "जगण्याचा कंटाळा येतो का? जीव द्यावा असे मनात येते का?" हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही डॉक्टरने संकोच करू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट पुष्कळदा ती प्रथमच मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल तर अभ्यंग आणि प्राणायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. 2022 मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही 14416 क्रमांकाची सरकारी सेवाही आहे. घरात मारहाण असेल तर गुजरातमध्ये 181 'अभयम' आहे. हे दोन्ही क्रमांक मी भिंतीवर लावलेले नाहीत, लहान चिठ्ठीवर लिहून देते. भिंतीकडे सर्वांसमोर पाहणेही काही जणींना शक्य नसते.

शेवटी एक गोष्ट आपल्याच मंडळींविषयी, कारण स्मरणिका आपली आहे. आपल्या संस्थेतील अनेक दवाखाने पतीच्या नावाने ओळखले जातात आणि पत्नीच्या श्रमांवर चालतात. पत्नी डॉक्टर असेल तर बाह्यरुग्ण विभाग संपवून ती थेट स्वयंपाकघरात जाते. डॉक्टर नसेल तर नोंदवही, हिशेब, औषधांचा साठा आणि अवेळी वाजणारा फोन तिच्याकडे असतो. स्नेहसंमेलनात तिला पुष्पगुच्छ मिळतो आणि 'खंबीरपणे पाठीशी उभ्या' असा गौरवही होतो. खंबीरपणे उभे राहणाऱ्या व्यक्तीने कधी बसायचे, हे मात्र त्या भाषणात येत नाही. मास्लाक यांनी बर्नआउटची जी कारणे सांगितली आहेत त्यांत केवळ कामाचा बोजा नाही. आपल्या कामावर आपला अधिकार नसणे, मोबदला वा दाद न मिळणे, संगत तुटणे आणि अन्याय वाटणे हीही आहेत. पुष्पगुच्छाने यांतील फार तर एकाची भरपाई होते. कार्यकारिणीने पुढील वर्षी रविवारच्या निरंतर शिक्षणाच्या चर्चासत्रांची वेळ ठरवताना महिला सदस्यांना आधी विचारावे, एवढी माझी लहानशी सूचना आहे. सकाळी नऊची वेळ कोणाच्या नाश्त्यावर उभी असते, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

ज्या गृहिणीचा उल्लेख वर केला, तिचे हिमोग्लोबिन कमी होते; त्यावर उपचार झाले. तिच्या पतीला मी दोनदा बोलावले. दुसऱ्या वेळी तो आला. त्याची सुट्टी मंगळवारी असते. त्या दिवशी गजर त्याने लावायचा, मुलांचे डबे त्याने करायचे आणि तिने सात वाजेपर्यंत उठायचे नाही, असे केसपेपरवर लिहून मी त्याची सही घेतली. पहिले तीन मंगळवार ती जागीच पडून राहिली आणि स्वयंपाकघरातले आवाज ऐकत राहिली. मिठाचा डबा कोठे आहे हे सांगावेसे वाटे, पण सांगितले नाही. चौथ्या मंगळवारी तिला झोप लागली. गुरुवारी संध्याकाळी ती वसाहतीतल्या भजनाला जाऊ लागली आहे. गाणे येत नाही, टाळ वाजवते. सहा महिने झाले. अजून ती पूर्ण बरी आहे असे मी म्हणणार नाही. रात्रपाळीचा आठवडा आला की ती खालावते. परवा मुलाच्या खोकल्यासाठी आली होती. तपासणी चालू असताना मुलाने तिला दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा तिने "काय रे?" म्हणून त्याच्याकडे पाहिले. डब्यात पोळीऐवजी दर मंगळवारी पोहेच असतात, अशी त्याची तक्रार होती.